मशीनच्या मेनला लावलेल्या कुलपाबाबत

मी, गल्लीत 'फ्यूजकाका' म्हणून ओळखला जाणारा, वय एकोणऐंशी, धंदा पूर्वी वायरमनचा, सध्या काही नाही, राहणार लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीत जिन्याखालची खोली, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी एकटा राहतो. लॉन्ड्री माझ्या भाच्याची आहे. माझी धाकटी बहीण, म्हणजे त्याची आई, तिथे इस्त्रीच्या टेबलापाशी काम करते. मी कुलूप लावून लॉन्ड्री बंद पाडली, अशी भाच्याची तक्रार आहे. कुलूप मीच लावले आहे. ते मला नाकारायचे नाही.

आज सकाळी मी बहिणीला भेटायला लॉन्ड्रीत गेलो. थंडी फार होती. मला कुडकुडताना पाहून बहीण म्हणाली, "दादा, असा इकडे ये. या दाराला पाठ टेकव, बरं वाटेल." ते दार तिच्या टेबलामागच्या भिंतीवरच्या इलेक्ट्रिक पॅनलचे होते. त्याच्या कडेला कामावरच्या बायकांचे ओले हातरुमाल आणि मोजे वाळत टाकलेले होते. नवे ड्रायर बसवल्यापासून हे दार ऊबदार असते, सगळ्यांची चांगली सोय झाली, असे बहिणीने कौतुकाने सांगितले.

मी पाठ टेकवली. खरोखर बरे वाटले. लहानपणी शाळेला निघण्याआधी आम्ही दोघे चुलीकडे पाठ करून कविता म्हणत बसायचो, तसे. हवालदारसाहेब म्हणाले, "काका, हे जबाबात नको." परंतु चूल आठवली म्हणूनच मी दचकलो, सबब ते राहू द्यावे.

मी मोजे, रुमाल काढायला लावले. मशीनचा मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि मग पॅनल उघडले. मीटर लांब असल्याने ड्रायरसाठी जाड वायर ओढली आहे. ते योग्यच आहे. पण ब्रेकरचे तोंड लहान. त्यात वायर मावेना म्हणून तिच्या तांब्याच्या निम्म्याअधिक तारा छाटल्या होत्या आणि उरलेल्या स्क्रूखाली कोंबल्या होत्या. तिथले प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडले होते. छाटलेल्या तारा पॅनलच्या तळाशीच पडून होत्या. त्या मी सोबत आणून टेबलावर ठेवल्या आहेत.

भाच्याला दाखवले. तो म्हणाला, "मामा, वायर जाड, भोक बारीक. थोड्या तारा कमी केल्या तर काय आभाळ कोसळलं? जाड वायर म्हणजे उलट भक्कम."

मी म्हणालो, "अंगाने भक्कम, पण गळा आवळलेला. सगळा करंट त्या उरलेल्या तारांतून जातोय, म्हणून दार तापतंय."

आमचे गुरुजी सांगत, ओळ वृत्तात बसत नसेल तर शब्दाचे शेपूट तोडू नका, दुसरा शब्द शोधा. इथेही तसा उपाय आहे. जाड वायर अख्खी मावेल असा कनेक्टर पॅनलमध्ये बसवायचा, एकही तार न छाटता ती त्यात आवळायची, आणि तिथून ब्रेकरपर्यंत त्याच्या तोंडात बसेल व त्याचा भार पेलेल अशी आखूड वायर न्यायची. हे मी भाच्याला समजावून सांगितले.

तो म्हणाला, "रविवारी बघू. दवाखान्याच्या चादरी आज द्यायच्यात. पेशंटना उघड्या गादीवर झोपवू?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. मी म्हणालो, "उन्हात वाळव. मी पिळू लागतो." त्यावर तो म्हणाला, "मामा, आता तुम्हालाच पिळून वाळत घालायची वेळ आलीय." बायका हसल्या. मीही हसलो. तो मेन चालू करायला निघाला, तेव्हा मी पुढे होऊन मेनच्या हँडलला माझ्या सायकलचे कुलूप लावले.

बहीण ठाण्यात आली आहे. ती म्हणाली, "दादा, शोभतं का या वयात? आपलाच पोरगा आहे तो. देऊन टाक किल्ली." मी नाही म्हणालो. "लहानपणापासून असाच आडमुठा," असे ती म्हणाली. त्यावर मी होय म्हणालो.

किल्ली दिल्यास तक्रार मिटेल असे साहेबांनी सांगितले. किल्ली मी देणार आहे. वायरमनने माझ्यासमोर जोडणी नीट करावी, ड्रायर चालवावेत, आणि दार थंड राहते हे मी पाहावे, त्यानंतर. तोवर मला इथल्या बाकावर बसवून ठेवले तरी माझी हरकत नाही. घरी माझी वाट पाहणारे कोणी नाही. माझे म्हणावे असे जे एक माणूस आहे, ते दिवसभर त्या पॅनलला पाठ लावून उभे असते.

हा जबाब मला वाचून दाखवला तेव्हा बहीण शेजारी होती. शेवटचे वाक्य खोडा, लोक काय म्हणतील, असे तिने सांगितले. ते मी खोडू दिलेले नाही. बाकीचेही मी बोललो तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करतो.