आरिआद्नी म्हणजे आरिआद्नी

नाही, आत जायचं नाही! बस इथंच, बाकावर. बारशाला आईनं चर्चबाहेर थांबायचं — ह्या बेटावरची जुनी रीत आहे, एलोडी, मी नाही काढली. आत धर्ममाता म्हणून माझी भाची फोटिनी पोरीचं नाव मोठ्यानं सांगेल, मग जा. हसतेस काय? कळत नाही म्हणून हसतेस — चार वर्षं झाली लग्नाला, ग्रीकमध्ये सकाळच्या 'कालिमेरा' नमस्कारापुढं गाडी गेली नाही सूनबाईंची! बरंय. मोकळं बोलता तरी येतं.

म्हणे पोरीचं नाव 'आरियान'! फ्रान्समध्ये तसंच म्हणतात, आई, नाव एकच — हे तुझा नवरा, माझा स्तामातिस, मला फोनवर समजावतो. मला! एकच कसं? मुलीनं मिलानमध्ये आरियान्ना ठेवलं, थोरल्यानं बार्सिलोनात आरियाद्ना — वर दोघांचं कौतुक, "आई, तुझंच नाव!" माझं? उन्हाळ्यात दोघी नाती आल्या, मी गच्चीवरून ओरडले, "आरिआद्नी, जेवायला!" — एक वळेल तर शपथ. शेजारची मारूला म्हणते, काय गं, स्वतःलाच बोलावतेस? आणि खरं सांगू? हिवाळ्यात बोलावतेच. हे गेल्यापासून नावानं हाक मारणारं राहिलंय कोण — सगळ्यांची मी आजी नाहीतर काकू. ती राजकन्या आरिआद्नी, तिला तिचा प्रियकर ह्याच नाक्सोसवर टाकून पळाला — पण झोपेत! माझी तिघं तर मी टक्क जागी असताना, बोटीतून हात हलवत गेली. निदान नाव तरी अख्खं ठेवा की रे—

श्श! पाद्री विचारतोय. गप्प! ...ऐकलंस? आरिआद्नी! पुन्हा — आरिआद्नी! अगदी खणखणीत! आता चिडू नकोस हं, एलोडी, धर्ममातेच्या तोंडून निघालं की बदलत नसतं, स्तामातिसनं डोकं आपटलं तरी — काय? काय म्हणालीस?... अगं, तू ग्रीक बोलतेस? म्हणजे मघापासूनचं सगळं — गच्चीवरचंही? अरे देवा. आणि हे नाव फोटिनीला तूच सांगितलंस? रविवारीच?

मग त्या सटवीनं मंगळवारी माझी सोन्याची बांगडी कशाला घेतली!

आं? कसली बांगडी? काही नाही. ऊठ. पोर रडतेय आत. जा म्हणते ना!