टर्ना, बाजूला व्हा

(नॉर्वेतला आन्डेनेसचा रॉकेट तळ, पहाटे साडेपाच. ओड्रुन तळावर, तिचा भाऊ हालस्टाइन 'टर्ना' बोटीवर. बोलणं मच्छीमार बोटींच्या सामाईक रेडिओवर चाललंय.)

ओड्रुन : टर्ना, तिसऱ्यांदा सांगतेय. आपली बोट रॉकेट पडायच्या पट्ट्यात आहे. कृपया उत्तरेला सरकावं.

हालस्टाइन : आपली? सख्ख्या भावाच्या बोटीला आपली म्हणतेस? लहानपणी ताटातला मासासुद्धा आपला म्हणू दिला नाहीस.

ओड्रुन : हालस्टाइन, सगळ्या बोटी ऐकतायत.

हालस्टाइन : ऐकू देत की. इंजिन बंद पडलंय माझं.

ओड्रुन : मग मागे धडधडतंय ते काय?

हालस्टाइन : काळीज. तुझा आवाज ऐकला की असंच होतं.

ओड्रुन : चेष्टा पुरे. पाच आठवडे वाट बघून आज आकाशात हवा तो ध्रुवीय उजेड आलाय, आणि आजच शेवटचा दिवस आहे. उजाडलं की रॉकेट परत पेटीत. इथे प्राध्यापक बाई नखं खातायत. सहा वर्षं घातलीत त्यांनी त्या यंत्रांत.

हालस्टाइन : उजेड काय, रोजच असतो वर.

ओड्रुन : रोजचा वेगळा. आज उजेडाचे ठिपके लुकलुकतायत, चालू-बंद, चालू-बंद. तेव्हा वर वीज कुठून उतरते आणि कुठून परत जाते, ते मोजायचंय. त्याच्या पोटातून गेल्याशिवाय कळत नाही.

हालस्टाइन : दिसतंय मला. आई स्वयंपाकघरातला दिवा असाच करायची. बोटीवरून दिसला की समजायचं, वॅफल तयार.

ओड्रुन : हं.

हालस्टाइन : त्यावरून आठवलं. तिचा वॅफलचा साचा कुठे गेला गं?

ओड्रुन : हे आत्ता?

हालस्टाइन : आई गेल्यापासून नऊ वर्षं विचारतोय. तू म्हणालीस मामीने नेला. त्यापायी मी मामीशी बोलणं टाकलं.

ओड्रुन : ठिपके विझायला लागलेत, दादा.

हालस्टाइन : आता दादा.

ओड्रुन : बरं, ऐक. माझ्याकडे आहे. माळ्यावर, लोकरीच्या पेटीत. तुला दिला असता तर तू त्यात आमिष ठेवलं असतंस. झालं समाधान? आता हल तिथून.

हालस्टाइन : खिडकीतून आकाश बघणं सोड. पडद्यावर माझा ठिपका बघ.

ओड्रुन : तू तर पट्ट्याबाहेर आहेस.

हालस्टाइन : पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच निघालो. धडधड कसली होती मग?

ओड्रुन : नालायक. बाई, पट्टा मोकळा आहे. उडवा.

हालस्टाइन : गेलं बघ. नेमकं त्या ठिपक्यांत घुसलं.

ओड्रुन : आकडे यायला लागलेत. बाई रडतायत. चांगलं रडणं आहे.

हालस्टाइन : आणि मामीला फोन कोण करणार?

ओड्रुन : मीच करते. तिला घेऊन रविवारी आईच्या घरी ये. साचा घासून ठेवते.

पेडर : लोमवी बोटीवरून पेडर बोलतोय. आम्ही किती वाजता यायचं?

ओड्रुन : वाजता कशाला? आईच्या खिडकीतला दिवा लुकलुकला की या.