राहुकाळातला फोन

शिकवायला आधी पदवी हवी, हे ज्या कुणी ठरवलं, त्याने आमच्या वत्सलाअक्काचं इंग्रजी ऐकलेलं नसणार. अक्काचं बी.ए. अर्धवट राहिलेलं, पण आमच्या गावचा राजवाडा बघायला येणाऱ्या परदेशी लोकांशी बोलून बोलून ती माझ्यासारख्या एम.ए.ला मागे टाकायची. बँकॉकच्या एका शाळेला तिने अर्ज केला होता. आमच्या गल्लीत फोन फक्त शेजारच्या राव मामांकडे, म्हणून अर्जात नंबर त्यांचाच.

शाळेचा फोन आला तो सोमवारी सकाळी आठला. मामांनी उचलला. "राहुकालम, सर. कॉल आफ्टर नाइन." आणि ठेवून दिला!

"मामा, तिची नोकरी घालवलीत!"

"राहुकाळात सुरू केलेलं टिकत नाही रे."

नऊला पुन्हा घंटी वाजली. या वेळी अक्काने उचलला, आणि मीही रिसीव्हरला कान लावला. मुख्याध्यापकांनी आधी विचारलं, "राहुकालम म्हणजे काय?" अक्काने सोप्या इंग्रजीत सांगितलं, आणि वर म्हणाली, "आता तुम्ही मला समजावून सांगा बघू." साहेब शाळकरी पोरासारखे सांगू लागले. दोनदा चुकले, तिने दोनदा सुधारलं. तिसऱ्यांदा बरोबर सांगून ते हसले आणि म्हणाले, "कधी येता?"

मी उडीच मारली. "बघा मामा, पदवी विचारलीसुद्धा नाही!"

मामा फोनवर कापड घालत म्हणाले, "आठला घेऊ दिला असता, तर तेच विचारलं असतं."