पालथ्या घमेल्यांचं मूळ

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे प्रमुख नाना एगिर, व्यासपीठावर विराजमान शिक्षणाधिकारी महोदय, मुख्याध्यापक, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण सारे जमलो त्या आपल्या क्वानसिमाबाई, मंगळवार हा समुद्राच्या विश्रांतीचा वार म्हणून होड्या वाळूवर ठेवून आलेले माझे मच्छीमार बंधू आणि भट्ट्या विझवून आलेल्या भगिनींनो,

मी आटो एडुफुल, मच्छीमार समितीचा सेक्रेटरी. मला पाच मिनिटं दिली आहेत. लिहून आणलेलं भाषण खिशात आहे, बरंही झालं आहे. काल बायकोने ऐकून मान डोलावली. पण सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. जरा पाणी मिळेल का? आभारी आहे.

बाईंनी एकतीस वर्षांत या गावाला काय दिलं? गणित दिलं, भूगोल दिला. पण त्याहून मोठी एक खोड लावली. हे असं का, असं विचारायची. उठताना स्टूल आडवं का करायचं? डाव्या हाताने वस्तू का द्यायची नाही? मुलांनी घरोघर जाऊन विचारायचं आणि बाईंनी वहीत उतरवायचं, सांगणाऱ्याच्या नावासकट. चौघांनी चार उत्तरं दिली तर चारही. माझ्या सासूबाईंची तर नऊ आहेत, आणि नऊही एकमेकांशी भांडतात. हसा, त्याही हसतायत.

ती वही आज शाळेला अर्पण होते आहे. तिची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे, म्हणून सकाळी ती माझ्या हाती आली. मी चाळत बसलो. एका पानावर नुसता प्रश्न आहे: म्बिर घरची बाई दिसली की घमेली पालथी का घालतात? खाली काही नाही. सबंध वहीत तेवढंच पान कोरं.

प्रश्न आपल्याला नवा नाही. त्या घरची बाई किनाऱ्यावरून गेली की आपल्या बायका माशांची घमेली पालथी घालतात, तिची नजर मासळीवर पडू नये म्हणून. का, तर तिच्या पणजीने मंगळवारी होडी पाण्यात लोटली, समुद्र कोपला आणि गावाची जाळी रिकामी आली. मीही हेच सांगत आलो.

चार वर्षांपूर्वी मासे धुरवायची नवी शेड झाली, तेव्हा आराबा म्बिरने एका भट्टीसाठी अर्ज केला. मी त्यावर लिहिलं, जागा नाही. जागा होती. दोन भट्ट्या थंड होत्या. आराबा तेव्हापासून डोक्यावर ओली मासळी घेऊन पलीकडच्या गावात जाते आणि परक्याच्या अंगणात धूर खाते.

बाई माझ्या ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत. नकार का दिला, म्हणाल्या. मी म्हटलं, प्रथा आहे. मग मंगळवारची गोष्ट सांगितली.

“तुम्हाला कुणी सांगितली?”

“सगळेच सांगतात, बाई.”

“सगळ्यांना कुणी सांगितली, सेक्रेटरीसाहेब?”

दोन महिने त्या दारोदार फिरल्या. कुणी म्हणे मंगळवार, कुणी म्हणे शुक्रवार. कुणी म्हणे होडी, कुणी म्हणे नुसती अंघोळ. शेवटी त्या माझ्याच घरी आल्या, माझ्या एकुवा आत्याकडे, आणि मलाही समोर बसवलं. आत्या तेव्हा एक्याण्णव वर्षांची होती, कानाने अधू, पण डोकं शाबूत.

नाना, मला आणखी पाच मिनिटं हवी आहेत. द्याल ना?

आत्या म्हणाली, “मंगळवार-बिंगळवार काही नाही रे. माझ्या बापाला आराबाची पणजी दुसरी बायको करून हवी होती. तिने चारचौघांत नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती किनाऱ्यावरून चालली होती. मी आईशेजारी मासे साफ करत होते. बाप आईला म्हणाला, घमेलं पालथं घाल, तिच्या नजरेला खवलंसुद्धा पडता कामा नये. आईने घातलं. बाप होड्यांचा मुखिया, म्हणून शेजारणीनेही घातलं. मग सगळ्यांनीच.”

आत्याचा बाप म्हणजे माझे आजोबा. ज्यांचा फोटो समितीच्या ऑफिसात माझ्या खुर्चीमागे आहे, तेच.

बाहेर पडताना बाई म्हणाल्या, “हे मी आत्ता लिहू शकते. पण हे पान तुमचं आहे.” मी म्हटलं, थोडा वेळ द्या. त्या थोड्या वेळाला चार वर्षं झाली. मध्ये आत्या गेली. बाई रस्त्यात भेटल्या की माझ्या गुडघ्याची चौकशी करायच्या, पानाबद्दल चकार शब्द नाही. त्यांनी चारदा सुनावलं असतं तर मी सुखाने झोपलो असतो. उद्या त्या बहिणीकडे केप कोस्टला निघतील, आणि आज बोललो नसतो तर हे ठाऊक असलेला गावात मी एकटाच उरलो असतो. त्या विचाराने सकाळपासून मला बसवत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी समितीत मी आराबाच्या भट्टीचा ठराव मांडणार आहे. तो पडला तर मी सेक्रेटरी राहणार नाही. आणि भगिनींनो, घमेली पालथी घालायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. कारण मात्र आता तुम्हाला कळलं आहे.

आराबा मागे दाराशी उभी आहे. बाईंना निरोप द्यायला आली आहे, माझं ऐकायला नव्हे. आराबा, तुला काही बोलायचं आहे का? मोठ्याने बोल, आवाज इथवर येत नाही.

ती म्हणते, “इतका वेळ पणजी, ती, तिने चाललंय. तिला नाव होतं.”

होतं. आत्याने मला सांगितलं होतं, आणि मी ते आजही गाळलं. एफुआ क्वाबा म्बिर. नाना, माझ्या आजोबांना नकार देणाऱ्या बाईचं नाव एफुआ क्वाबा म्बिर.

बाई, वही इथे आहे, पेनही आहे; खाली उतरलो की पहिलं काम तेच करतो. अध्यक्षांनी जादा वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते पोटात घाला. आमच्या घराण्याने केलं ते मात्र पोटात घालू नका. ते वहीत राहू द्या.