दादाचा भाग

दीर : म्हणजे सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर नुसता काळा पडदा? आपोआप?

वहिनी : आपोआप.

दीर : वहिनी, यात दोन सिस्टिम होत्या. एक तुमची, एक दादाची. दादाची कुठे गेली?

वहिनी : मला काय माहीत?

दीर : चोर आला, टीव्ही सोडला आणि दादाची सिस्टिम तेवढी उचलून नेली. वा!

वहिनी : भाऊजी, थट्टा नको. हे यायच्या आत सुरू होईल का, तेवढं सांगा.

दीर : होईल. पण पुसली कोणी?

वहिनी : मी. जागा अडवत होती.

दीर : अहो, तुमच्या बाजूला ढीगभर जागा रिकामी आहे.

वहिनी : पुसली, झालं. पण माझ्या भागाला मी हातसुद्धा लावला नव्हता. तो का बंद पडावा?

दीर : सुरुवातीला यादी यायची ना, कुठल्या सिस्टिममध्ये जायचं ते विचारणारी? ती यादी दादाच्या भागात होती. आता बिचाऱ्या कॉम्प्युटरला तुमच्याकडे यायचा रस्ताही सापडत नाही. आत काय होतं, बघितलंत?

वहिनी : पासवर्ड होता. मी खोलीत पाऊल टाकलं की स्क्रीन बंद.

दीर : म्हणून न बघताच पुसलंत?

वहिनी : बघितलं असतं, तर नुसतं पुसून भागलं नसतं.

दीर : दादा विचारेल की.

वहिनी : विचारू देत. विचारलं, तर आत जपण्यासारखं काहीतरी होतं.

दीर : आणि नाही विचारलं तर?

वहिनी : तर लपवण्यासारखं होतं.

दीर : म्हणजे तोंड उघडलं तरी मेला, मिटलं तरी मेला. तुम्ही नोकरी करता त्या प्रयोगशाळेत चालतो का हो असला प्रयोग?

वहिनी : नाही. चालत नाही.

दीर : मग ऐका. तुम्ही फक्त दारावरची पाटी काढलीत. आतलं सामान अजून जागच्या जागी आहे. पाटी परत लावली की दोन्ही सुरू. दादाला पत्ताही लागणार नाही.

वहिनी : पासवर्डसकट?

दीर : पासवर्डसकट.

वहिनी : लावा.

दीर : माझ्या पेनड्राइव्हवरून लावतोय... थांबा... हं. ही बघा, आली यादी.

वहिनी : भाऊजी, ही सिस्टिम यांना तुम्हीच घालून दिली होती ना?

दीर : हो, मीच.

वहिनी : मग पासवर्डही ठाऊक असेल.

दीर : दादा येईलच इतक्यात. माझा पेनड्राइव्ह काढून घेतो.

वहिनी : नुसतं 'नाही' म्हणा, भाऊजी. मी विश्वास ठेवीन.