कौल उजवा, बढती डावी

आमच्या मालवणात माणसाला साहेबाला विचारायची लाज वाटते, देवाला विचारायची नाही. माझ्या कोकमाच्या दुकानाशेजारच्या बाबल्याचंच घ्या. त्याचा मुलगा सागर पणजीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. बढतीसाठी क्लाऊडचं सर्टिफिकेट घ्यावं की नाही, यावरून घरात रोज वाद.

सुट्टीला घरी आलेल्या सागरला मी म्हटलं, "अरे, साहेबाकच इचार ना, सर्टिफिकेट आणलंय तर बढती देतलात काय?"

"काका, असं थेट विचारणं प्रोफेशनल दिसत नाही."

मग प्रोफेशनल मार्ग निघाला. बाबल्या त्याला घेऊन देवळात कौल लावायला गेला. तमाशा चुकू नये म्हणून मीही गेलो. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "महाराजा, पोरान ही परीक्षा दिवची काय?" उजवीकडची कळी पडली. म्हणजे होय!

सागर रात्रंदिवस खपून पास झाला. साहेबाने तोंड भरून अभिनंदन केलं आणि बढती दुसऱ्याच कुणाला दिली.

बाबल्या तणतणत गुरवाकडे. "देवान फसवल्यान माका!"

"देवाक कित्याक बोल लावतस?" गुरव म्हणाला. "परीक्षा दिवची काय, इतक्याच तू इचारलंस. बढती मेळतली काय, ह्यां खंय इचारलंस?"

आता सागरला त्याच्याही वरचं सर्टिफिकेट खुणावतंय. काल बाबल्या दुकानात आला. "परत कौल लावया काय रे?"

"लाव मरे," मी म्हटलं. "पण ह्या टायमाक कळ्यो साहेबाच्या आंगार लाव!"