गेटवरचं सॉसेज

त्रूदी : कॉफी गार होतेय, नोल्दी. मघापासून नुसता पाऊलचा तो स्कार्फ कुरवाळत बसलायस.

नोल्दी : क्लबचा हिरवा रंग पार उडालाय. पांढराच जास्त उरला.

त्रूदी : तुझ्यासाठी काढून ठेवलाय. चाळीस वर्षं फुटबॉलच्या स्टेडियममध्ये माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलास. दुसऱ्या कुणाला देऊ?

नोल्दी : नको. माझी लायकी नाही.

त्रूदी : आता हे काय नवीन?

नोल्दी : कालच सांगणार होतो, पाऊलला माती देऊन आल्यावर. धीर झाला नाही.

त्रूदी : बरं झालं. आमच्या जावयानं काल कमी तमाशा केला का? झ्युरिकचाच तो. शोकाच्या जेवणात सॉसेजवर मोहरीची चटणी मागितली! अख्खं टेबल वळून त्याच्याकडे बघायला लागलं.

नोल्दी : पाऊल असता तर त्याची बॅग भरून दिली असती. सेंट गॅलनमध्ये बसून सॉसेजला चटणी! इथलं सॉसेज नुसतंच खायचं असतं.

त्रूदी : हसलास एकदाचा. आता बोल, काय डाचतंय तुला?

नोल्दी : त्या शनिवारी मॅच संपल्यावर मी दवाखान्यात आलो होतो बघ.

त्रूदी : हो की. दोन-एकनं जिंकलो, क्लब वाचला, म्हणालास.

नोल्दी : हरलो होतो. तीन-शून्य. सव्वाशे वर्षांचा आपला क्लब खालच्या गटात गेला, आणि मी मरणाच्या दारातल्या माणसाला धडधडीत खोटं सांगितलं.

त्रूदी : ठाऊक आहे मला. पेपर मीही वाचते.

नोल्दी : त्याला दाखवलास?

त्रूदी : पेपर यायच्या आधीच तो गेला, रविवारी पहाटे.

नोल्दी : म्हणजे फसवूनच पाठवलं मी त्याला. वर आणखी सॉसेजही आणलं. जिंकलो की स्टेडियमच्या गेटवरच्या गाडीवरचं सॉसेज, हरलो की उपाशी घरी, हा आमचा नेम. तोही बाटवला.

त्रूदी : ते गेटवरचं नव्हतंच.

नोल्दी : तुला कोण बोललं?

त्रूदी : तू आधी सांग, कुठून आणलंस?

नोल्दी : स्टेशनवरून. गाडीवाल्या बाईनं मॅच संपायच्या आधीच निखारे विझवले होते. रडत होती बिचारी. मग स्टेशनवर धावलो, बांधलेली पुडी उचलली आणि बस गाठली.

त्रूदी : पुडी मी सोडली, तू गेल्यावर. आत चटणी होती, नोल्दी. पाव सगळा पिवळा.

(नोल्दी कप खाली ठेवतो.)

नोल्दी : अरे देवा. म्हणजे त्याला कळलं.

त्रूदी : बघताक्षणी. गेटवरची बाई चटणी देईल का कधी? मी पुसायला चमचा घेतला, तर म्हणाला, "राहू दे. हरलो आपण. नोल्दीला सांगू नकोस, जिवाला लावून घेईल."

नोल्दी : आणि तू आज सांगतेयस.

त्रूदी : तू स्कार्फ नको म्हणालास म्हणून.

नोल्दी : ते सॉसेज तेवढं फेकलंस ना?

त्रूदी : चार दिवस त्याच्या पोटात चमचाभर सूप गेलं नव्हतं.

नोल्दी : म्हणजे फेकलंच.

त्रूदी : नाही रे. खाल्लं त्यानं, चटणीसकट. अर्धा तास लागला त्याला.